कावळीण ओळखायची कशी?

आमच्या ठाण्याच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीत रोज सकाळी एक कावळा पोळीच्या तुकड्यासाठी येतो. सुट्टीत राहायला आलेल्या माझ्या आठ वर्षांच्या भाचीने दुधात बिस्कीट बुडवता बुडवता विचारलं, "मावशी, हा कावळा आहे की कावळीण?"

मी बरीच वर्षं येऊरच्या जंगलात आणि खाडीवर दुर्बीण गळ्यात अडकवून फिरते. सोसायटीत पक्ष्यांचं काहीही निघालं की लोक माझ्याकडे बोट दाखवतात. चिमणा कुठला आणि चिमणी कुठली हे मी झोपेतही सांगेन. पण कावळ्याचं काही सांगता येईना.

आपल्या भाषेने हा प्रश्न परस्पर मिटवून टाकलेला आहे. गोष्टीतला काऊ म्हणजे दादा आणि चिऊ म्हणजे ताई. घार ती, साळुंकी ती, पोपट तो, बगळा तो. घारीचा नवरा कोण, हे विचारायचं नाही. सगळ्यात मोठा घोळ कोकिळेचा. एखादी मुलगी छान गायली की तिचा गळा कोकिळेचा होतो. पण एप्रिल-मेमध्ये पहाटे अंधार असतानाच कुहू कुहू करून अख्ख्या बिल्डिंगची झोप उडवतो तो नर. काळाकुळकुळीत, लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी, अंगभर पांढुरके ठिपके आणि पट्टे. तिने तोंड उघडलं तर किक-किक-किक असं काहीतरी कर्कश ऐकू येतं. दोघांना शेजारी बसवलं तर हे एकाच जातीचे आहेत हे कुणी शपथेवर सांगितलं तरी पटणार नाही.

गंमत बघा, कोकिळा अंडी घालते कावळ्याच्याच घरट्यात. म्हणजे एकाच झाडावर एक जोडपं असं, की नर-मादी दोन वेगळे पक्षी वाटावेत, आणि दुसरं असं, की आरशातलं प्रतिबिंब. हा फरक का, हे समजून घ्यायचं तर एक गोष्ट आधी डोक्यातून काढावी लागते. पिसांचा रंग हा निसर्गाने आपल्या सोयीसाठी चिकटवलेला बिल्ला नाही. ते एका पक्ष्याने दुसऱ्या पक्ष्याला लिहिलेलं पत्र आहे. आपण मधल्यामध्ये पोस्टमनसारखे पाकिटावरून अंदाज बांधत बसतो.

सुरुवात चिमण्यापासून करू, कारण तो अगदी हाताशी सापडतो. आमच्या बाल्कनीच्या ग्रिलवर कुंडीतली माती उकरायला येतो. डोक्यावर राखाडी टोपी, डोळ्यांमागून मानेपर्यंत तांबूस-तपकिरी पट्टा, गाल पांढुरके आणि गळ्याखाली काळा डाग, तान्ह्या बाळाच्या लाळेऱ्यासारखा. चिमणी सगळी मातकट, डोळ्यामागे तेवढी फिकट भुवई. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण तो लाळेरा वर्षभर नीट पाहा. कधी तो ठळक काळा असतो, कधी कुणी वर पिठाची चिमूट भुरभुरवल्यासारखा दिसतो.

पीस म्हणजे नखासारखी मेलेली वस्तू. एकदा बाहेर आलं की त्याला आतून रंग चढवता येत नाही. मग चिमणा काळा कसा होतो? विणीचा हंगाम संपल्यावर त्याला नवी पिसं येतात. गळ्यावरच्या नव्या पिसाचा खालचा भाग काळा असतो, पण टोक फिकट करडं. कौलांसारखी पिसं एकावर एक बसतात, म्हणून वरून टोकंच दिसतात आणि काळं आत झाकलं जातं. पुढच्या काही महिन्यांत ती टोकं झिजतात. भिंतीवरचा चुन्याचा हात झिजून खालचा जुना रंग दिसायला लागावा, तसा काळा लाळेरा बाहेर येतो, नेमका पुढच्या विणीच्या वेळेला. नवा रंग न चढवता नटण्याची ही पद्धत मला फार आवडते. चोचीचं मात्र वेगळं. ती जिवंत आहे. शरीरातलं नराचं संप्रेरक, टेस्टोस्टेरॉन, वाढलं की चिमण्याची चोच काळी होते, उतरलं की पुन्हा फिकट.

लाळेरा जितका मोठा तितका चिमणा दांडगा, असं पुस्तकांत वर्षानुवर्षं छापलं जातं. २०१८ मध्ये काही संशोधकांनी जुने-नवे सगळे अभ्यास एकत्र करून पुन्हा तपासले, तेव्हा हा संबंध वाटला होता तेवढा पक्का निघाला नाही. म्हणून मी भाचीला एवढंच सांगते की काळा लाळेरा म्हणजे नर. त्यापुढचं दांडगाईचं प्रकरण अजून कोर्टात आहे.

आता रंग येतो कुठून? ढोबळमानाने पक्ष्यांकडे रंगाची तीन दुकानं आहेत. पहिलं घरचं: मेलॅनिन, म्हणजे आपल्या केसांत असतं तेच. काळा, तपकिरी, तांबूस. चिमण्याचा लाळेरा इथला. दुसरं बाजारचं: कॅरोटिनॉइड. गाजराला आणि झेंडूला रंग देणारी हीच मंडळी. पक्ष्याला ती शरीरात बनवता येत नाहीत, खाण्यातूनच मिळवावी लागतात. पिवळे आणि लाल रंग बहुतेक इथले. ठाणे खाडीवरच्या फ्लेमिंगोंचा गुलाबी हाच, ते खातात त्या सूक्ष्म शेवाळातून आणि बारीक जिवांतून आलेला. (पोपट मात्र या दुकानात जात नाहीत. त्यांचा लाल-पिवळा रंग त्यांचं शरीर स्वतःच बनवतं, आणि ते रंगद्रव्य दुसऱ्या कुठल्या पक्ष्यात सापडत नाही.) तिसऱ्या दुकानात रंग विकतच नाहीत, तिथे प्रकाशाची करामत चालते. खंड्याच्या पाठीचा निळा, मोराच्या मानेचा निळा यांत निळं रंगद्रव्य नावाची गोष्टच नाही. पिसाच्या आतली रचना इतकी बारीक असते की प्रकाशातला निळाच तेवढा परत फिरतो. असं पीस खलबत्त्यात कुटलं तर निळी पूड मिळणार नाही, मळकट काहीतरी मिळेल.

हे तिसरं दुकान पाहायचं असेल तर जास्वंदीच्या कुंडीपाशी शिंजीर येतो का बघा. जांभळा शिंजीर, अंगठ्याएवढा जीव, चोच बाकदार. सावलीत नर नुसता काळा दिसतो. ऊन पडलं की पैठणीचा पदर वळवावा तसा निळा-जांभळा झळाळतो. मादी वरून मातकट हिरवट, खालून पिवळी. विणीनंतर नर ती झळाळी उतरवून ठेवतो. नवी पिसं बरीचशी मादीसारखीच येतात, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत मधोमध एक गडद पट्टी राहते, शर्टावर टाय लावल्यासारखी. शेजारच्या काकूंनी मला एकदा तिसऱ्या जातीचा शिंजीर आला म्हणून धावत बोलावलं होतं. तो हा टायवाला होता.

इथे एक प्रश्न पडायला हवा, आणि मला तो फार उशिरा पडला. नर-मादी एकाच आईबापांची लेकरं. रंगाची कृती लिहिलेले जनुक जवळजवळ सारखेच. मग एकाच्या पिसात रंग उतरतो आणि दुसरीच्या नाही, हे ठरवतं कोण?

कोंबडी, बदक, मोर यांच्याबाबतीत उत्तर बरंच जुनं आहे आणि आपल्या गृहीतकाला उलटं करणारं आहे. आपल्याला वाटतं मादी साधी असते आणि नराला वरून काहीतरी लावलेलं असतं. या पक्ष्यांत भडक पिसारा ही आधीची, न बदललेली अवस्था आहे. मादीचं संप्रेरक, इस्ट्रोजेन, तो दाबून साधी पिसं आणतं. पक्ष्यांच्या मादीत सहसा डावं बीजकोशच, म्हणजे अंडाशयच, काम करतं. ते आजाराने निकामी झालं की पुढच्या वेळी पिसं बदलताना कोंबडीला कोंबड्याचा पिसारा येऊ लागतो, तुरा वाढतो, कधी ती आरवतेही. गावाकडे कोंबडी आरवली की अपशकुन मानून तिची रवानगी थेट रश्श्यात व्हायची. बिचारीचं बीजकोश बिघडलं होतं, एवढंच.

चिमण्यांसारख्या लहान पक्ष्यांत बऱ्याचदा पिसांवर संप्रेरकाचा हुकूम चालत नाही. तिथे प्रत्येक पेशीला आपण नराची की मादीची हे स्वतःचं स्वतः माहीत असतं. माणसांत एक्स आणि वाय गुणसूत्रं असतात तशी पक्ष्यांत झेड आणि डब्ल्यू, पण हिशेब उलटा: दोन झेड म्हणजे नर, एक झेड एक डब्ल्यू म्हणजे मादी. पुरावा म्हणून निसर्ग अधूनमधून एक अजब नमुना पाठवतो. अमेरिकेतला कार्डिनल हा पक्षी नर लालभडक आणि मादी पिंगट अशा जोडीचा. क्वचित असा कार्डिनल दिसतो की मधोमध रेघ मारल्यासारखा एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने पिंगट. अर्धा नर, अर्धी मादी. दोन्ही बाजूंना फिरणारं रक्त तेच, त्यातली संप्रेरकं तीच, तरी पिसं वेगळी. म्हणजे निर्णय त्या त्या बाजूच्या पेशींनीच घेतला.

आणि एका पक्ष्यात तर शास्त्रज्ञांनी नेमकं बटणच शोधलं. पिंजऱ्यात पाळतात त्या कॅनरींमध्ये मोझॅक नावाचा प्रकार आहे. कॅनरी आणि रेड सिस्किन या लाल पक्ष्याच्या संकरातून तो आला. नराच्या चेहऱ्यावर ठळक लाल, मादीवर अगदीच नाममात्र. २०२० मध्ये या फरकामागचा जनुक सापडला, त्याचं नाव बीसीओ-टू. त्याचं काम कॅरोटिनॉइड मोडून टाकणं. मादीच्या पिसांच्या मुळाशी तो जास्त जोरात चालतो. म्हणजे दोघांच्या पानात वाढलं सारखंच, पण मादीच्या पिसापर्यंत पोचण्याआधीच रंगाचा चुराडा झाला. मला हे वाचून पगाराची आठवण झाली. जमा दोघांकडे सारखीच, महिनाअखेरीस शिल्लक वेगळी.

कसं होतं, ते हे असं. का होतं, यावर मात्र दीडशे वर्षं भांडण चालू आहे. १८७१ मध्ये चार्ल्स डार्विनने मांडलं की माद्या देखण्या नरांची निवड करतात, म्हणून पिढ्यानुपिढ्या नर भडक होत गेले. त्याचा समकालीन आल्फ्रेड वॉलेस म्हणाला, उलट बाजूने बघा. उघड्या घरट्यात अंड्यांवर बसणारी मादी भडक असेल तर शिकाऱ्याला आयतंच निमंत्रण. म्हणून मादी साधी झाली. ज्या पक्ष्यांची घरटी ढोलीत किंवा बिळात, त्यांच्या माद्यांना लपायची गरज नाही, म्हणून त्या नराइतक्याच रंगीत.

वॉलेसची बाजू घ्यायची असेल तर आपल्याकडे साक्षीदार भरपूर. तांबट, भर दुपारी टुक्-टुक्-टुक् करत बसतो तो, झाडाच्या फांदीत भोक कोरून राहतो. कपाळावर लाल टिळा, गळा पिवळा, आणि नर-मादी दोघंही तितकेच नटलेले. खंड्या मातीच्या दरडीत बीळ करतो, तिथेही दोघं सारखे. पण मग चिमण्या? त्या तर मीटरच्या पेटीत, भिंतीच्या भोकात घरटं करतात, तरी चिमणी मातकटच. शिंजिराची मादी लोंबत्या बटव्यासारखं, वर छज्जा असलेलं बंद घरटं विणते, तिने तरी झळाळायला काय हरकत होती? वॉलेसचं सूत्र काही घरांत चालतं, काही घरांत नाही. डार्विनचंही तेच. इंग्लंडमध्ये १९९१ मध्ये अभ्यास झाला, त्यात पिसाऱ्यावर जास्त डोळे असलेल्या मोरांना जास्त लांडोरी मिळाल्या. जपानमध्ये सात वर्षं मोर पाहून २००८ मध्ये दुसऱ्या गटाने सांगितलं, आम्हाला असं काही दिसलं नाही. मला यात गोंधळ वाटत नाही. एकच किल्ली सगळ्या कुलपांना लागायला हवी, हा हट्ट आपला आहे.

सुगरण घ्या. पावसाळ्यात खारघरच्या बाजूला गवताळ जागांवर अजूनही तिची घरटी दिसतात. पुन्हा भाषेचा घोळ: घरटं विणतो नर, नाव मिळालं सुगरण. या दिवसांत त्याचं डोकं आणि छाती हळदीसारखी पिवळी होते, एरवी तो मादीसारखाच, चिमणीत मिसळून जाईल असा. डॉ. सालिम अली यांनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला राहून सुगरणींच्या वसाहतीचा अभ्यास केला. नर घरटं अर्ध्यावर आणून ठेवतो, माद्या येऊन घरं बघून जातात, एखादीला पसंत पडलं की ती आत राहते आणि नर दुसऱ्या घरट्याच्या पायाभरणीला लागतो. म्हणजे पिवळा रंग फार तर ‘इथे नर आहे, आणि यंदाचा आहे’ एवढं सांगतो. व्यवहार ठरतो तो जागा पाहून. ठाण्यात घर घेतलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणि कोकीळ? तिथे रंगाचा उपयोग चक्क दरोड्यासाठी होतो. काळा नर कावळ्यांच्या घरट्याजवळ उघड्यावर बसून बोंब मारतो, कावळे चिडून त्याच्या मागे लागतात, आणि पानांच्या कवडशांत मिसळणारी ठिपक्यांची मादी तेवढ्यात अंडं घालून पसार होते. आमच्या आवारातल्या गुलमोहरावर मी हा पाठलाग कितीदा पाहिलाय. मादी घरट्यात शिरताना मात्र एकदाही दिसली नाही. तिचा रंग किती कामाचा आहे याची याहून चांगली पावती काय असणार.

काही पक्ष्यांत तर पाटीच उलटी. रंगीत पाणलावा म्हणून एक दलदलीत राहणारा लाजाळू पक्षी आहे. त्यात मादी मोठी, तिची मान गडद तांबूस आणि डोळ्याभोवती पांढरी कड. नर फिका, करड्या-पिवळट नक्षीचा. कारण अंडी उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे असतं, मादी अंडी घालून दुसरा जोडीदार शोधायला मोकळी. जुन्या लोकांनी पुस्तकात पाहून भडक तो नर असं ठरवलं असतं तर पूर्ण फसले असते.

मीही फसलेय. काही वर्षांपूर्वी समोरच्या गच्चीवर पोपटांचा थवा दाणे खायला यायचा. पोपटाच्या नराच्या गळ्यात काळी-गुलाबी कंठी असते, मादीला नसते. मी मोजलं: कंठीवाला एक, बिनकंठीचे अकरा. मी मोठ्या उत्साहाने सोसायटीच्या ग्रुपवर या सुलतानाचा आणि त्याच्या जनानखान्याचा किस्सा लिहिला. पुढच्या रविवारी येऊरच्या वाटेवर एका ज्येष्ठ पक्षीमित्रांना सांगितला, तर ते गालात हसले. म्हणाले, "ताई, कंठी तिसऱ्या वर्षाच्या सुमारास येते. तुमच्या त्या अकरांत निम्मी पोरं असतील." पक्ष्यांत हे सर्रास चालतं. कोवळे नर मादीच्या वेषात वावरतात. स्वर्गीय नर्तकाचा नरही ऐन तारुण्यात तांबूस असतो, लांब फितीसारखी शेपटी आणि पांढराशुभ्र वेष त्याला नंतर मिळतो. त्यामुळे साधा पक्षी दिसला की मी आता ‘मादी’ न म्हणता ‘मादी किंवा पोरगं’ म्हणते.

हे सगळं झालं तरी भाचीचा कावळा तसाच राहिला. साळुंकी, बुलबुल, आपला राज्यपक्षी हरियल, खाडीतले फ्लेमिंगो, यांतही नर-मादी आपल्याला रंगावरून सांगता येत नाहीत किंवा जेमतेम सांगता येतात. फ्लेमिंगोचा नर अंगाने थोडा थोराड, एवढंच. मग हे सगळे एकमेकांना ओळखतात कसे?

याचं एक उत्तर आपल्या डोळ्यांत आहे. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या. पक्ष्यांच्या डोळ्यात चार. चौथी पेशी जांभळ्याच्या पलीकडचा, आपल्याला न दिसणारा अतिनील उजेड टिपते, निदान त्याच्या उंबरठ्यापर्यंत तरी पोचते. युरोपातल्या ब्लू टिट या चिमुकल्या पक्ष्याचे नर-मादी आपल्याला जवळजवळ सारखे दिसतात. १९९८ मध्ये उपकरणाने मोजल्यावर कळलं की नराच्या डोक्यावरची निळी टोपी अतिनील प्रकाशात मादीपेक्षा कितीतरी जास्त चमकते. त्यांच्या दृष्टीने तो फरक उघड आहे, आंधळे आपण. २००५ मध्ये एका अमेरिकी संशोधकाने आपल्याला नर-मादी सारखे दिसणाऱ्या १३९ जातींची पिसं मोजली आणि पक्ष्याच्या डोळ्याला ती कशी दिसतील याचा हिशेब मांडला. ९० टक्क्यांहून जास्त जातींत फरक निघाला. फरक दिसू शकतो म्हणजे ते त्यावरूनच ओळखतात असं नाही, हेही खरं. पण ‘सारखेच दिसतात’ म्हणताना ‘मला’ हा शब्द जोडायला हवा.

दुसरं उत्तर वागण्यात आहे. एसीच्या खोक्यावरचं कबूतर बघा. गळा फुगवून, वाकून वाकून गोल फिरत घुमतो तो नर, आणि काहीच न झाल्यासारखी दाणे टिपत पुढे सरकते ती मादी. रंग दोघांचा एकच.

हे सगळं मी भाचीला दोन दिवस हप्त्याहप्त्याने ऐकवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीत दोन कावळे आले. एकाने पोळीचा तुकडा उचलला आणि सरळ दुसऱ्याच्या चोचीत कोंबला. भाची ओरडलीच, "मावशी, ही बघ कावळीण! तो तिला भरवतोय!"

मी म्हटलं, "असेलही. नाहीतर गेल्या महिन्यातलं पिल्लू असेल. तोंड उघडलं की आतून लालसर दिसतं का बघ."

ती दुर्बीण आणायला पळाली. परत येऊन तिने ती उलटी डोळ्याला लावली, आणि तेवढ्यात दोघेही उडून गेले.